ट्रॉयचे बिनविरोध काका

जगातली कुठलीही निवडणूक मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत चहावर मिटवता येते, असं मनापासून मानणारा एकच माणूस आता पृथ्वीच्या पाठीवर उरला असावा, आणि तो मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये राहतो. नात्यानं ते माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. पण अमेरिकेतल्या मराठी माणसाला आडनावापेक्षा गाव लवकर चिकटतं, म्हणून जवळच्याच नोव्हाय गावात राहणाऱ्या आम्हा नोव्हायकरांसाठी ते ‘ट्रॉयचे काका’. मला ते ‘जावईबापू’ म्हणतात. या शब्दातल्या ‘बापू’मध्ये मान असतो आणि ‘जावई’मध्ये काम. फोनवर ‘जावईबापू’ ऐकू आलं की मी निमूटपणे गाडीची किल्ली शोधायला लागतो, कारण हिवाळ्यात काका फ्रीवेवर गाडी घालत नाहीत. फ्रीवेवर शिरताना कुणाच्या तरी पुढे घुसावं लागतं, आणि ज्याची ओळखदेख नाही त्याच्या पुढे घुसणं त्यांना प्रशस्त वाटत नाही.

काका मूळचे सांगलीकडच्या एका खेड्यातले. तिथून शिकत शिकत इथवर आले आणि गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सगळी नोकरी काढून निवृत्त झाले. “दोन चाकांचे दात एकमेकांवर आपटले की खडखडाट, एकमेकांत बसले की प्रवास,” हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि लग्नाच्या शुभेच्छांपासून नोकरी गेलेल्याच्या सांत्वनापर्यंत ते कुठेही चालतं अशी त्यांची समजूत आहे. दोन माणसं एकाच गोष्टीसाठी समोरासमोर आलेली काकांना बघवत नाहीत. क्रिकेटची मॅच शेवटच्या षटकांत रंगली की हे उठून भांडी घासायला जातात. बाहेर कुठे जेवायचं यावरून घरात दोन मतं पडली, तर दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन बोलतात, आणि तासाभरानं असा तोडगा काढतात की कुणालाच नको असलेल्या तिसऱ्याच हॉटेलात सगळे आनंदानं जेवतात. आनंदानं म्हणजे काका आनंदानं जेवतात, बाकीचे जेवतात.

आमच्या मराठी मंडळाच्या घटनेत अध्यक्ष मतदानानं निवडावा असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण काका असल्यामुळे ते कलम वापरायची वेळ आलेली नाही. दरवर्षी इच्छुकांना ते घरी बोलावतात, मावशी साबुदाण्याची खिचडी करतात, आणि खिचडी संपेपर्यंत एक जण अध्यक्ष झालेला असतो, एक जण गणपतीच्या सजावटीचा प्रमुख झालेला असतो आणि उरलेल्याला “यंदा हे, पुढच्या वर्षी तुम्ही” असं वचन मिळालेलं असतं. या ‘पुढच्या वर्षी’च्या रांगेतले एक गृहस्थ वाट बघता बघता नोकरी बदलून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला गेले. ते अजून तिकडून फोन करून आपला नंबर आला का, म्हणून विचारतात. एकदा मोदक स्पर्धेचं परीक्षण काकांकडे दिलं, तर त्यांनी आधीच्या आठवड्यात घरोघर जाऊन मोदक खाल्ले, प्रत्येकीचं कौतुक केलं, आणि स्पर्धेच्या दिवशी टेबलावर एकच ताट. ज्या बाईंना बिनविरोध पहिलं बक्षीस मिळालं त्या काकांशी अजून नीट बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या नाही तरी पहिल्याच आल्या असत्या.

चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेले चौक इथे जागोजागी आहेत. जो आधी येईल तो आधी जाईल, इतका सोपा नियम. पण आधी आलेल्यानं नंतर आलेल्याला ‘तुम्ही चला’ म्हणायला नको का, असा काकांचा प्रश्न असतो. एकदा समोरून त्यांच्याच स्वभावाच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. हे त्यांना हात करतात, त्या यांना हात करतात. मागे गाड्यांची रांग लागली, इथले लोक सहसा वाजवत नाहीत तो हॉर्नही कुणीतरी वाजवला. शेवटी काका खाली उतरले, त्यांच्या खिडकीशी गेले, बोलले आणि परत आले. “मिटलं. त्या आधी जातील,” म्हणाले, आणि गाडी सुरू करता करता, “त्यांचा मुलगा नेव्हीत आहे.” मी शेजारी बसलो होतो. मला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

अशा माणसाच्या पोटी रेवा जन्मली. रेवा इथेच वाढली, वकील झाली आणि लहानपणापासून तिला शर्यत दिसली की ती धावायची. तिला राजकारणात ओढलं ते समोरच्या घरातल्या पॅमनं. पॅम म्हणजे काकांची रस्त्यापलीकडची शेजारीण, पक्षाची जुनी कार्यकर्ती. रेवा शाळेत असल्यापासून पॅम तिला बरोबर घेऊन दारोदार पत्रकं वाटायची. पॅमकडून झुकिनीचा ब्रेड यायचा, काकांकडून परसातले टोमॅटो जायचे, आणि काका म्हणायचे की परदेशात शेजार मिळावा तर असा. पक्ष कुठला ते मी इथे सांगत नाही. मला अजून मंडळात जेवायला जायचं आहे.

तर गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्या पक्षाच्या आमच्या राज्यातल्या अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणानं पद सोडलं. नवा अध्यक्ष फेब्रुवारीत राजधानी लॅन्सिंगच्या अधिवेशनात, गावोगावचे प्रतिनिधी मतदान करून निवडणार होते. रेवानं घरी फोन केला, “बाबा, आय ॲम रनिंग.” रेवा मॅरेथॉनही पळते, त्यामुळे काका म्हणाले, “गुडघे सांभाळ.” मग खुलासा झाला. इंग्रजीत माणूस निवडणुकीला धावतो आणि मराठीत उभा राहतो, पण काकांना दोन्ही ऐकून सारखाच घाम फुटला असता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “किती जण आहेत?” दोनच, असं कळल्यावर त्यांना जरा धीर आला. दुसरा उमेदवार डग नावाचा एक निवृत्त शाळामास्तर होता, फ्लिंट शहराच्याही वर उत्तरेला कुठेतरी तळ्याकाठी राहणारा. “एकच ना,” काका मला म्हणाले, “मग एकालाच समजवायचं आहे.”

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण काकांची भीती खरी होती. त्यांचे वडील, आप्पा, एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि थोडक्यासाठी पडले. पडण्याचं काही नाही, पण चिठ्ठी गुप्त. आपल्याला नेमकं कुणी मत दिलं नाही हे आप्पांना कळेना, आणि त्यामुळे ते सगळ्यांकडेच संशयानं बघायला लागले. ज्यांच्याबरोबर रोज उठबस त्यांच्याकडे जाणं त्यांनी सोडलं. चुलतभावाच्या घरचं लग्न झालं तेव्हा शेताकडे निघून गेले. काकांच्या आठवणीतले वडील म्हणजे उंबऱ्यात बसून, रस्त्यानं जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत “हा असेल का?” असं पुटपुटणारा माणूस. “मतं मोजली की माणसं मोजली जातात, जावईबापू,” ते मला म्हणाले. “रेवा हरली तर हरू दे. पण ती तसं बघायला लागली तर मी काय करू?” त्यांचा आवाज असा पडला होता की मी निमूट गाडी काढली.

मावशींनी दारातून सांगितलं, “अहो, नका जाऊ.” काका सूट घालून गाडीत बसले होते. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत शाल, नारळ आणि पेढे.

“हे कशाला?” मी विचारलं.

“माघार घेणाऱ्याचा सत्कार करावा लागतो. नाहीतर माघार मनाला लागते.”

“काका, त्यानं अजून माघार घेतलेली नाही.”

“म्हणून तर चाललोय.”

“इथे असं करत नाहीत.”

“कुणी करून बघितलंय का?”

मी गाडी सुरू केली. रेवाला सांगितलंय का, विचारलं तर म्हणाले, “झाल्यावर सांगू. पोरीच्या डोक्याला कशाला ताप.”

डग आपल्या घरासमोरचं बर्फ फावड्यानं बाजूला करत होता. उंच, लालबुंद चेहऱ्याचा, अंगानं आडवा. आमची गाडी बर्फात रुतली असावी अशा समजुतीनं तो मदतीला पुढे आला. आता काकांचं गिअरबॉक्सचं इंग्रजी चोख अमेरिकन आहे, पण निवडणुकीचं इंग्रजी त्यांनी कधी बोललेलंच नव्हतं, त्यामुळे ते थेट सांगली जिल्ह्यातून आलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “सर, यू आर स्टँडिंग. माय डॉटर रेवा इज ऑल्सो स्टँडिंग. टू गुड पीपल स्टँडिंग इज नॉट गुड फॉर द पार्टी. आय रिक्वेस्ट यू. प्लीज सिट.”

डगनं एकदा फावड्याकडे बघितलं, एकदा थंडीत सूट घालून उभ्या असलेल्या या वयस्कर माणसाकडे, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, “शुअर. लेट्स ऑल सिट.” फावडं बर्फात रोवलं, आम्हाला काचा लावलेल्या पडवीत नेलं आणि वेताच्या खुर्चीत बसला.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि तोंडात पेढा घातला. डग पेढा चघळत “दिस इज सो काइंड” म्हणत राहिला. त्यानं कॉफी केली. पुढे दोघं त्याच्या जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सवर इतका वेळ बोलले की मी तळ्यावरचं बर्फ बघून थकलो. निवडणुकीचं नाव पुन्हा निघालं नाही. निघताना काका म्हणाले, “रेवा विल नेव्हर फरगेट दिस,” आणि डग म्हणाला, “टेल हर आय सेड हाय.”

गाडीत बसल्यावर काकांनी सुस्कारा सोडला. “बसला.”

“काका, तो खुर्चीत बसला.”

“मग उमेदवार बसतो कुठे? एका शब्दात बसला हो. अट नाही, पद मागितलं नाही. आमच्याकडे बसायला लोक साखर कारखान्याचं संचालकपद मागतात.”

फ्लिंट येईपर्यंत मी जीव तोडून समजावत होतो. फ्लिंट गेल्यावर नाद सोडला. घरी पोहोचल्यावर काकांनी मावशींना सांगितलं की सुंठीवाचून खोकला गेला. मंडळातल्या दोघा-तिघांनी अभिनंदनाचे फोन केले. फ्रीमाँटहूनही एक आला.

पुढच्या शनिवारी रेवा बुटांसकट स्वयंपाकघरात आली. मी मावशींचा प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो, त्यामुळे सापडलो. डगनं तिला फोन केला होता. तुझे वडील येऊन गेले, फार गोड माणूस, आणि तो नारळ कसा फोडायचा असं माझी बायको विचारतेय, एवढंच तो म्हणाला होता. पण रेवा काकांची मुलगी. तिला नारळावरून सगळं कळलं.

“बाबा, तू डगला विथड्रॉ करायला सांगितलंस?”

“सांगितलं नाही. विनंती केली.”

“गिफ्ट्स घेऊन?”

“गिफ्ट कसली? शाल-नारळ. मान असतो तो.”

“इट लुक्स लाइक अ ब्राइब, बाबा.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “तुला कळतंय का, हे बाहेर आलं तर आय ॲम डन. फक्त ही रेस नाही. सगळंच. इतकी वर्षं मी लोकांच्या दारात थंडीत उभी राहिलेय, आणि लोक म्हणणार, हिचा बाप ऑपोनंटच्या घरी पाकीट घेऊन गेला होता.”

काकांनी आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. ‘ब्राइब’ हा शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या मुलीच्या तोंडून, त्यांच्यासाठी आला. ते हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे तो बसला नाही?”

“नाही, काका.”

रेवा निघून गेली. त्यानंतर ती फोन करायची तो फक्त मावशींना.

पुढचे आठवडे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही, कारण काकांची निम्मी काळजी फोनवरून माझ्याकडे येत होती. आधी त्यांना परत जाऊन डगला ‘उभं करायचं’ होतं. ते मी आणि मावशींनी मिळून हाणून पाडलं. मग त्यांना नवी धास्ती लागली. डगला त्या शालीचा अर्थ माहीत नव्हता हे खरं, पण ज्याला माहीत आहे असा माणूस त्याला भेटला तर? मी मीटिंगमध्ये असताना फोन यायचा. “जावईबापू, त्याच्या गावात आपली माणसं असतील का?” मी म्हणालो, हॉस्पिटलात एखादा तेलुगू डॉक्टर असेल. मग, “तेलुगू लोकांत सत्काराला शाल असते का?” असते बहुतेक, म्हणालो. “नारळ पण?” मी म्हणालो, काका, मी नंतर फोन करतो. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे असतो.”

त्यांचं जेवण सुटलं. मिशिगनमधली झाडून सगळी वर्तमानपत्रं ते फोनवर वाचायचे, अगदी शाळांच्या आइस हॉकीच्या निकालांपर्यंत, कारण बातमी कुठे दडलेली असेल ते सांगता येत नाही. अनोळखी नंबरावरून फोन वाजला की तो मावशींच्या हातात द्यायचे आणि स्वतः बाथरूममध्ये जायचे. आम्ही हसायचो, पण मनातून मीही घाबरलेलो होतो, कारण रेवा म्हणाली ते खरंच होतं. एका नारळानं तिची सगळी मेहनत मातीत जाऊ शकत होती. आणि त्याहून काकांना लागलं होतं ते वेगळंच. दर रविवारी जेवायला येणारी मुलगी येईनाशी झाली होती. तिची गाडी मात्र रविवारी समोर पॅमच्या दारात उभी असायची. काका खिडकीतून ती गाडी बघायचे आणि मावशींना म्हणायचे, “पॅम आहे म्हणून बरं. पॅम तिला सांभाळून घेईल.”

अधिवेशनाला आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. पण मावशी म्हणाल्या, “मी तर जाणार. माझी मुलगी उभी आहे,” आणि मग कुणाची काय बिशाद. लॅन्सिंगला त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काका सगळ्यात मागे, कोट टांगून ठेवतात तिथे, कोटांमधलाच एक असल्यासारखे उभे राहिले. आणि समोरून डग आला. गळ्यात मफलरसारखी गुंडाळलेली, जरीच्या काठाची आमची शाल, आणि तिच्यावरच त्याच्या प्रचाराचा बिल्ला टोचलेला. काकांनी माझा दंड असा धरला की मला कळ आली. डगनं शेजारची घडीची खुर्ची ओढली, उघडली आणि काकांसमोर ठेवली. “नाऊ इट्स युअर टर्न, सर,” तो हसून म्हणाला. “यू सिट.” त्यांच्या खांद्यावर थोपटून तो गर्दीत गेला.

काका बसले. “त्याला कळलं होतं,” ते मला म्हणाले. “पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आणि माणूस कुणाला एक शब्द बोलला नाही.” कळलं होतं की नाही, देव जाणे. कदाचित म्हातारा माणूस उभा दिसला म्हणून खुर्ची दिली असेल. रेवालाही ते अजून माहीत नाही, आणि डगला विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झालेली नाही.

मग मतदान सुरू झालं. चिठ्ठ्या असतील अशी काकांची समजूत होती. पण एकेका काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव पुकारत होते आणि प्रतिनिधी उठून, माइकसमोर येऊन, आपण कुणाला मत देतो ते मोठ्यानं सांगत होते. काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे सगळ्यांसमोर? तिच्यासमोर?” ज्या गोष्टीनं आप्पांना गुप्त राहून जाळलं ती इथे ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. आमची काउंटी आली. कुणी रेवा म्हणालं, कुणी डग. मग पॅम उठली. नेहमीचा निळा स्वेटर, हातात चष्मा. ज्या आवाजात ती रस्त्यापलीकडून काकांना टोमॅटोंबद्दल विचारते त्याच खणखणीत आवाजात ती म्हणाली, “डग.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. आपण चुकीचं ऐकलं असं मी सांगावं, अशा आशेनं बघितलं. मी मान खाली घातली.

रेवा हरली. फार नाही, पण हरली. व्यासपीठावर जाऊन तिनं डगला मिठी मारली, चार वाक्यं बोलली, लोकांना हसवलं. खाली उतरली ती तडक पॅमकडे गेली. पॅमनं तिला जवळ घेतलं आणि दोघी तशाच काही वेळ उभ्या राहिल्या. काका ते सगळं त्या खुर्चीतून बघत होते. मग रेवा आमच्याकडे आली आणि इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा वडिलांच्या पाठीवर हात ठेवला.

“बाबा, खाल्लंस का काही?”

“पॅमनं...” काकांनी तिकडे बोट केलं.

“आय नो. तिनं मला ख्रिसमसच्या आधीच सांगितलं होतं. तिनं डगला प्रॉमिस केलं होतं.”

“आणि तरी तू दर रविवारी तिच्याकडे जात होतीस?”

“हो. तिच्याइतकी काउंटी कुणाला माहीत नाही. आणि सूप चांगलं करते.”

“तुला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. खूप वाटलं. मी तिच्याच किचनमध्ये रडले, बाबा.” तिनं त्यांचा मफलर नीट केला. “तू केलंस त्याचंही वाटलं. बट आय ॲम स्टार्विंग. चल, जेवायला जाऊ.”

आणि रेवाच्या बाबतीत ते तिथेच संपलं. पुढच्या रविवारी ती जेवायला आली, वरणभात दोनदा घेतला आणि जाताना समोर पॅमकडे डोकावून गेली. काकांची इतक्या वर्षांची भीती खोटी ठरली होती. त्यांनी पेढे वाटायला हवे होते.

पण मार्चच्या अखेरीस मावशींचा फोन आला. “जरा येऊन जा हो. हे खिडकीतून हलत नाहीत.” मी गेलो. बर्फ वितळायला लागलं होतं, आणि समोर पॅम कचऱ्याचे डबे आत ओढत होती. काका पडद्याआडून तिच्या पाठीकडे बघत उभे होते. मला बघून ते बाजूला झाले, ओशाळले.

“आप्पांना माहीत नव्हतं म्हणून ते जळत राहिले असं मला वाटायचं,” ते म्हणाले. “मला तर चक्क माहीत आहे, जावईबापू. कारणसुद्धा माहीत आहे. तरी तेच होतंय. ती हात करते, मी बघितलं नाही असं दाखवतो. टोमॅटोची रोपं आणलीत, तर पहिला विचार आला की यंदा तिला द्यायची नाहीत. मला भीती रेवाची होती. ती सुटली, आणि धरलं मला.”

भांडणं मिटवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असं काही असेल, हे मला ठाऊक नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही, माया आली. त्या दिवशी मी नुसता चहा पिऊन परत आलो.

परवा त्यांचाच फोन आला. गाडी काढायची नव्हती, नुसतंच बोलायचं होतं. रेवानं त्यांना विचारलं होतं की तुला पॅमचा राग आलाय ना, मग तिला जाऊन तसं सांगितलंस का? असं कुणाला तोंडावर सांगायचं असतं हे काकांच्या गावीही नव्हतं. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे राग वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन निवळवण्यात गेलेलं. पण मुलीनं पुन्हा पुन्हा म्हटल्यावर त्यांनी सकाळी चपला घातल्या, रस्ता ओलांडला, घंटी वाजवली आणि पॅमनं दार उघडल्याबरोबर सांगून टाकलं, “पॅम, आय ॲम अँग्री विथ यू.”

“मग?” मी विचारलं.

“ती म्हणाली, मला माहीत आहे. केव्हा येताय याचीच वाट बघत होते.”

“आणि राग गेला?”

“छे हो. इतक्यात कसला जातो?” ते हसले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांचं हसणं ऐकत होतो. “पण आता तो माझ्या एकट्याकडे नाही. निम्मा तिच्याकडे ठेवून आलो.”

मी फोन ठेवणार, एवढ्यात ते म्हणाले, “आप्पांना ‘जाऊन तोंडावर सांगा’ असं कोण म्हणणार होतं? आम्ही चौघंही मुलगे. आम्ही नुसते लांब बसून बघत राहिलो. त्यांना मुलगी नव्हती हो, जावईबापू.”